रा. हे. सागरे यांचं शेवटचं प्रकरण

पालम,
बुधवार, ८ जानेवारी २०२५

प्रिय राजेश्री,

अक्षर ओळखलंस का? वळण थोडं बिघडलंय. सदतीस वर्षं फळ्यावर लिहून अंगठा दुखायलाय. मागच्या वर्षी रिटायर झाले.

तुझा पत्ता हरिओमनं दिला. चुडाव्याच्या स्टेशनावर गाडीची वाट बघत बसले होते, तर समोरून तुझा भाऊ आला. इतक्या वर्षांनी त्याला नाकावरून ओळखलं, तुमच्या घरचं ते नाक. तो फोन नंबरही देत होता. मी घेतला नाही. तू फोनवर ‘हॅलो’ म्हणशील आणि मला पुढं काही सुचणार नाही, अशी भीती वाटली.

कामाचं आधी लिहिते. परभणीला कॉलेजात मराठी शिकवणारी निकिता नावाची एक प्राध्यापिका आहे. तिला एका जुन्या वाचनालयात बन्सीधररावांच्या साप्ताहिकाचे गठ्ठे सापडले. त्यात आपली ‘गोदाई’ होती. चोवीस प्रकरणं, लेखक कॅप्टन रा. हे. सागरे. तिनं दोन दिवसांत सगळी वाचली आणि मग वर्षभर ह्या कॅप्टन सागऱ्यांना कोकणात शोधत राहिली. शेवटी छापखान्यातल्या एका म्हाताऱ्या कंपोझिटरनं तिला सांगितलं, की सागरे म्हणजे डी.एड.च्या दोन पोरी होत्या, त्यातली एक पालमला मास्तरीण हाय.

ती माझ्या दारात आली आणि जरा लाजतच तिनं विचारलं, “कॅप्टन सागरे इथं राहतात का?”

मी म्हटलं, “अर्धे राहतात.”

राजे, त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नाही. वसतिगृहाची गच्ची आठवते. वैशाखात तिथं कसला वारा सुटायचा. तू ओढणी दोन्ही हातांत धरून उभी राहायचीस आणि सांगायचीस, शीड भरलं की खलाशाला खांद्यात असं ओढल्यासारखं वाटत असणार. मी ते लिहून घ्यायची. वाळत घालायच्या दोरीवर गाठी मारून बघायचो आणि त्या सुटायच्या नाहीत म्हणून रेक्टरबाई बोलायच्या. समुद्र दोघींनीही बघितला नव्हता. तू निदान पूर्णेचा पूर बघितला होतास, मी चारठाण्याची, मी तोही नाही. माझ्या माहेरी देवळं बघायला जातो असं खोटं सांगून आपण येलदरीच्या धरणावर गेलो होतो, लाटा बघायला. तू मोजत होतीस, मी लिहीत होते. पाणी उडून वही भिजली तेव्हा आपण किती खूश झालो होतो.

आणि तळघरातल्या स्वयंपाकघरात कमलबाई. भाकरी थापता थापता प्रकरण ऐकायच्या. आपल्या गोष्टीतला सिदोजी तांडेल दुष्काळात गोदाकाठ सोडून घाट उतरतो आणि आरमारात शिरतो, ते ऐकून त्यांनी पदर डोळ्याला लावला होता. त्यांनीच एकदा विचारलं, “एवढं खारं पाणी भवताली. मग ही मान्सं पितात काय?” आपण हसलो होतो. आठवतं?

तर निकिताला ह्याचं पुस्तक करायचंय. पाडव्याला काढायचं म्हणते. तुझी परवानगी हवी. नावं दोन्ही टाकायची, हे मी तिला सांगितलंय. शेवटचं प्रकरण अंकात आलं होतं तेच ठेवायचं का, तेवढं कळव.

तुझी,
हेमा


पालम,
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

प्रिय राजेश्री,

तुझं कार्ड मिळालं. ‘छापा. माझी हरकत नाही. शेवट आहे तोच राहू दे. इकडे सगळे बरे आहेत.’ मी पाठ केलंय, कारण पाठ करायला फार नाही.

रागावलीस असं मी म्हणत नाही. अडतीस वर्षांनी कुणी दारात उभं राहिलं, तर माणूस आधी कडी काढत नाही, खिडकीतून बघतं.

काल निकिताच्या सांगण्यावरून सगळी प्रकरणं पुन्हा वाचली. वादळं तुझी, लढाया माझ्या. हे कुणाला सांगावं लागू नये इतकं स्पष्ट दिसतं. माझ्या तोफा सारख्या धडाडतात. बन्सीधरराव म्हणायचे ना, पोरींनो, रक्त जरा कमी करा, दिवाळी जवळ आली. आणि तुझ्या वादळात एक म्हातारा खलाशी सुकाणूला स्वतःला बांधून घेतो आणि पहाटे सगळे वाचल्यावर त्याला गाठ सोडता येत नाही, कारण बोटं वळत नाहीत. ते वाचून मी वही मिटून बसले.

विसाव्या प्रकरणानंतर तुझं लग्न झालं. महारुद्र सर तुमच्याच पूर्णा तालुक्याचे, पण नोकरी देवगडला, जिल्हा परिषदेच्या शाळेत. लग्नात मी रडले ते सगळ्यांना वाटलं मैत्रीण चालली म्हणून. खरं सांगते, अर्धं रडू हेव्याचं होतं. तू समुद्राकाठी चालली होतीस. तुझं तिकडून आलेलं पहिलं पत्र मला अजून तोंडपाठ आहे. ‘हेमा, समुद्राला वास असतो. आपण एकदाही वासाचं लिहिलं नाही.’

पुढची तीन प्रकरणं मी लिहिली, शेवटचं तू लिहायचं ठरलं. ते टपालात गहाळ झालं आणि अंक अडला म्हणून मला घाईघाईनं लिहावं लागलं, हे तुला माहीतच आहे. दारूच्या कोठाराला आग लावून सिदोजी आपल्या जहाजासकट, त्या गोदाई गुराबीसकट जातो, शत्रूलाही नेतो. लोकांना आवडलं. ‘सिदोजी खरंच मेला का हो?’ अशी पत्रं आली. बन्सीधररावांनी छोटा सत्कार केला, तेव्हा तुझ्या वतीनंही शाल मीच घेतली. टपाल नीट पोचलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. पण जे झालं ते झालं.

इकडे हरभरा चांगलाय. तब्येतीला जप.

हेमा


पालम,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

राजे,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तेच खोटं १९८७ साली लिहिलं होतं, तेव्हा नीट जेवले होते. ह्या वेळी पेटीत पत्र टाकून घरी आले आणि जेवण गेलं नाही. आता जसं झालं तसं सांगते. मधे थांबले तर पुन्हा जमणार नाही.

तुझं प्रकरण गहाळ झालं नव्हतं. दसऱ्यानंतर आठवड्याभरानं मला मिळालं. मी नुकतीच पालमच्या शाळेत लागले होते. टपाल शाळेच्या पत्त्यावर यायचं. दुपारच्या सुट्टीत मी व्हरांड्यात उभ्या उभ्या पाकीट फोडलं. अठरा पानं होती, उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेली. कागद दमट होते आणि त्यांना कसला तरी वास होता. मी नाकाला लावून बघितले.

मग वाचलं. बसायचं राहूनच गेलं.

तू लढाई लिहिलीच नव्हतीस. लढाई संपलेली, वारा पडलेला. फिरंग्यांचं जहाज आणि आपली गोदाई, मधे चारशे हात पाणी, आणि दोन्ही जागच्या जागी. शीड मेलेल्या कातड्यासारखं लोंबतंय. एक दिवस, दोन दिवस, सहा दिवस. प्यायचं पाणी संपत आलं आणि सिदोजी स्वतः पिंपावर जाऊन बसला. त्याची आई एका घागरीवर पाच लेकरं दुष्काळातून कशी काढायची, ते त्याला माहीत होतं. सगळ्यांनी तोंड मिटून ठेवायचं. बोलायचं नाही. ओलं फडकं आधी ओठाला, मग मानेला. पहिली वाटी सर्वांत अशक्त माणसाला, शेवटची आपल्याला. आणि वाटी तिरपी करायची नाही, माणसानं वाटीकडं वाकायचं.

राजे, ही आपली वसतिगृहातली खोली नंबर सात होती. चार घागरी पाणी, तीन दिवस, सहा मुली. ते मोजमाप तू समुद्रावर नेलं होतंस. कमलबाईंच्या प्रश्नाला आपण हसलो होतो, आणि तू तो मनात ठेवून त्याचं उत्तर लिहिलं होतंस.

सातव्या दिवशी फिरंग्यांच्या जहाजावर पांढरं फडकं हलतं. त्यांची पिंपं आदल्या प्रकरणात माझ्याच तोफांनी फुटलेली. गोदाईवर दोन पिंपं उरलीत. सिदोजी होडी सोडायला सांगतो आणि त्यातलं एक पिंप स्वतः घेऊन निघतो. त्याची माणसं आडवी येतात, पाणी पिऊन झालं की ते तुलाच गोळी घालतील म्हणतात. तेव्हा तो म्हणतो, “पाजल्यावर मारलं तर ते त्यांचं पाप. न पाजता मेले तर माझं.”

संध्याकाळी वारा उठतो. दोन्ही जहाजं आपापल्या वाटेनं जातात. कुणीच तोफ डागत नाही. सिदोजी रिकामं पिंप धुतो आणि घरी घागर ठेवावी तसं पालथं घालतो. संपलं.

मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा अंगावर काटा आला, आनंदाचाच. दुसऱ्यांदा डोळे भरले. तिसऱ्यांदा माझी प्रकरणं आठवत वाचलं. माझी तेवीस प्रकरणांतली सगळी दारू आणि सगळ्या तोफा त्या एका वाटीपुढं पोरखेळ वाटत होत्या. समुद्र बघितलास तू, आणि लिहिलंस पाण्याच्या तोट्याचं. ज्या गावात पाण्याचा तोटा आहे तिथं मी होते आणि मला ते दिसलं नव्हतं. हे छापून आलं की सगळ्यांना कळणार होतं, दोघींत लेखिका कोण.

मी ती पानं ट्रंकेत साड्यांखाली ठेवली आणि दोन दिवसांत माझा शेवट लिहून बन्सीधररावांना नेऊन दिला. तुझं पत्र आलं, ‘मिळालं का?’ मी लिहिलं, नाही गं, टपालाचं काही खरं नाही. तू लिहिलंस, असू दे, माझ्याकडं नक्कल नाही, पुन्हा तसं लिहिता येणार नाही. संक्रांतीनंतर तुझी पत्रं बंद झाली.

आणि त्याहून वाईट हे, की कुणी विचारलं तर मी सांगत राहिले, राजेश्रीला सासरचे लिहू देत नाहीत. महारुद्र सरांना मी एकदाच बघितलंय, तुझ्या लग्नात, आणि चार गावांत त्यांना वाईट ठरवलं. त्यांची माफी कशी मागायची, मला कळत नाही. तुझी तर त्याहून नाही.

सोबत ती अठरा पानं आहेत. मूळची. आज सकाळी पाकिटात घालत होते तेव्हा माधवराव शेजारी बसले होते. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण हे त्यांनाही आजच सांगितलं. त्यांनी एकेक पान उलटून बघितलं. मग म्हणाले, “झेरॉक्स तरी काढून ठेव.”

मी म्हटलं, “तिची हायेत ती.”

“आन् तिनं फाडली तर?”

“तर फाडली.”

निकितालाही दाखवलेली नाहीत. जगात ही एवढीच प्रत आहे. तिचं काय करायचं ते तू ठरव.

हेमा


पालम,
गुरुवार, २७ फेब्रुवारी २०२५

राजे,

पाकीट तुला पोचल्याचं पोस्टातल्या कॉम्प्युटरवर दिसतं. म्हणजे उत्तर नाही ते टपालामुळं नाही. ह्या वेळी मला ती सोय नाही.

निकिताला सगळं सांगितलं. तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, मॅडम, तुम्ही नसतं सांगितलं तर मला कधीच कळलं नसतं. मी म्हटलं, तेच तर मी अडतीस वर्षं करत आले. तिनं छपाई थांबवलीय. शेवटच्या पानांचा फॉर्मा कोरा ठेवते म्हणाली, राजेश्रीताईंचं उत्तर येईपर्यंत. पाडवा टळला तरी चालेल.

तू लिहूच नकोस असंही मी मनाशी म्हणून बघते. तो तुझा हक्कच आहे. पण दुपारी पोस्टमनची गाडी वाजली की उठून दारापर्यंत जाते.

हे.


पालम,
बुधवार, १२ मार्च २०२५

राजे,

तुझं जाड पाकीट काल आलं. मला वाटलं पानं परत केलीस, संपलं. तासभर ते टेबलावर तसंच होतं. शेवटी माधवराव म्हणाले, “उघड, न्हाईतर मी उघडतो,” तेव्हा कात्री घेतली.

आधी एक जुनं कार्ड बाहेर पडलं. मळकं, कडा झिजलेली. मला क्षणभर कळलंच नाही काय आहे. मग शिक्का दिसला, ऑक्टोबर १९८७, आणि शिक्क्याखाली माझी सही.

तू प्रकरण रजिस्टरनं पाठवलं होतंस. पोहोचपावती लावून. शाळेच्या टपालाबरोबर पोस्टमन माझ्या दहा सह्या घ्यायचा, त्यातली एक तुझ्या पाकिटाची होती हे माझ्या लक्षातही राहिलं नाही. आणि ती पावती, तू लिहितेस, टपालात कुठंतरी अडकून माझं खोटं पत्र आल्यावर महिन्याभरानं तुझ्या हातात पडली.

म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं.

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं सांगत नाही. तू तीन पत्रं लिहिलीस आणि तिन्ही चुलीत घातलीस, एकात शिव्या, एकात रडणं, तिसऱ्यात नुसतं ‘का?’. ते तिसरं मला पाठवायला हवं होतंस असं लिहिणार होते, पण मला तो अधिकार नाही. तू लिहिलंस, ‘मी लिहिणं सोडलं ते पाकीट हरवलं म्हणून नाही. ज्या एका बाईसाठी लिहीत होते ती माझ्याशी खोटं बोलली म्हणून.’ खरं आहे. मी तुझं एक प्रकरण लपवलं असं समजत होते. तुझी पुढची सगळीच मी लपवली.

आणि त्याच्या खालची ओळ. ती मी माधवरावांना वाचून दाखवली आणि पुढं वाचता येईना म्हणून कागद त्यांच्या हातात दिला. ‘पण रागाच्या तळाशी मला एक गोष्ट नेहमी दिसायची. ते वाईट असतं तर तू छापलं असतंस.’

राजे, ते लय चांगलं होतं. इतकं साधं वाक्य मी तुला तेव्हा लिहायला हवं होतं.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. नाही. मीही त्यानंतर एक ओळ लिहिली नाही. शाळा, मुलं, खिचडीचे तक्ते अशी कारणं सांगायची. पण खरं कारण हे, की कागद पुढं घेतला की मला तो पाण्याकडं वाकलेला माणूस दिसायचा आणि माझं सगळं खोटं वाटायचं. एका पाकिटापायी सागरे दोन्हीकडून गप्प झाले.

महारुद्र सरांना माझं पत्र वाचून दाखवलंस आणि ते हसले, सागऱ्यांच्या गोष्टीत आपल्यालाही जागा मिळाली म्हणाले. त्या उत्तरपत्रिका त्यांनीच तुला आणून दिल्या होत्या आणि पाकीट घेऊन पोस्टात चालत तेच गेले होते, हे वाचून मला जमिनीत जावंसं वाटलं. माझा नमस्कार सांग. समोर आल्यावर मी स्वतः सांगेन.

हो, येते.

तू लिहिलंस तशी माफी मागायला नाही, ते कागदावर झालं. प्रुफं तपासायला. तू पानांच्या कडेला केलेल्या दुरुस्त्या बघितल्या. वारा पडला तरी गुराब जागेवर डोलतच राहते, दर्याच्या पोटात लाट असते, हे तेव्हा तुला माहीत नव्हतं. आता आहे. अडतीस वर्षं समुद्र बघून तू फक्त अकरा ओळी बदलल्यास, आणि वासाचं एक वाक्य घातलंस. ते वाक्य वाचून मी पुन्हा कागद नाकाला लावला.

तुझी अटही निकिताला सांगितली. दोन्ही शेवट छापायचे, आधी माझा, मग तुझा. मी म्हटलं माझा काढून टाका. ती म्हणाली, राजेश्रीताईंनी स्पष्ट लिहिलंय, ‘तो शेवट वाचून लोक रडले होते, तो त्यांचाही आहे, तो हेमाच्या हातून काढून घेऊ नका.’ तू माझ्यापेक्षा मोठी आहेस. वयानं सहा महिनेच, पण.

परवा निघते. परभणीहून कोल्हापूरची गाडी आहे, तिथून देवगड. पंधरा तारखेला दुपारी पोचेन. माधवराव येतो म्हणत होते, मी नको म्हटलं. एकटीनंच यायचंय.

मला ओळखणं सोपं नाही. केस पांढरे, अंग सुटलंय, चष्मा जाड आहे. तू कशी दिसतेस हे हरिओमला विचारणार होते, विचारलं नाही. स्टँडवर येशील तर एक कर. मी उतरले की लगेच हाक मारू नकोस. मला आधी गर्दीत तुला शोधू दे. सापडलीस की थोडा वेळ मला लांबूनच बघू दे.

मग मी हाक मारते.

हेमा